आखणी कुणाची, हात कुणाचे

न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये मुलीकडे राहणाऱ्या आईचा गुडघा बदलला, की पहिल्या भेटीला येणारी थेरपिस्ट तासभर तपासते, मोजमापं घेते, खोदून खोदून प्रश्न विचारते आणि जाते. पुढच्या भेटीला दारात दुसराच माणूस उभा असतो. तो नाव सांगतो, नाडी बघतो, रक्तदाब घेतो आणि व्यायामाला सुरुवात करतो. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या खेपेलाही तोच येतो. घरात मग कुजबुज सुरू होते: त्या बाई का येत नाहीत? आपल्याकडे शिकाऊ माणूस पाठवतात की काय? विम्याचे पैसे पूर्ण घेतात आणि उपचार मात्र अर्धे?

शंका रास्त आहे, पण तो माणूस शिकाऊ नसतो. अमेरिकेत त्याला फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट म्हणतात, बोलताना नुसतं पीटीए. कम्युनिटी कॉलेजातला साधारण दोन वर्षांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम त्याने केलेला असतो. त्यात शरीररचना, हालचालींचं शास्त्र आणि आजारांची ओळख असते, शिवाय काही आठवडे पूर्णवेळ रुग्णालयात किंवा दवाखान्यात प्रत्यक्ष काम असतं. त्यानंतर देशपातळीवरची परीक्षा आणि ती पार केल्यावर त्या त्या राज्याचा परवाना. या परीक्षेचे गुण २०० ते ८०० या मापात दिले जातात आणि उत्तीर्ण व्हायला ६०० लागतात. थेरपिस्टचं शिक्षण याहून बरंच लांब असतं. पदवीनंतर सुमारे तीन वर्षांची फिजिकल थेरपीतली डॉक्टरेट, तिची वेगळी परीक्षा आणि वेगळा परवाना.

दोघांच्या कामातली सीमा कायद्यानेच आखलेली आहे. रुग्णाला तपासून अडचण नेमकी कुठे आहे हे ठरवणं, उद्दिष्टं आणि उपचारांची आखणी करणं, ती बदलणं आणि शेवटी उपचार संपले असं सांगणं ही सगळी कामं थेरपिस्टची. ती आखणी रोजच्या रोज रुग्णाच्या अंगी उतरवणं हे सहायकाचं काम. आखणीच्या चौकटीत तो व्यायाम वाढवू शकतो, रुग्ण थकलेला दिसला तर कमी करू शकतो, एखादा प्रकार त्या दिवसापुरता वगळू शकतो. गुडघा किती वाकतो हे तो मोजतो आणि लिहून ठेवतो. मात्र त्या आकड्याचा अर्थ लावून ‘आता उद्दिष्टच बदलू या’ असं तो म्हणू शकत नाही. स्वतंत्र दवाखाना थाटून थेरपिस्टशिवाय रुग्ण घेणंही त्याला शक्य नाही.

त्यामुळे उपचार घेणाऱ्याचा बहुतेक वेळ थेरपिस्टपेक्षा सहायकाच्या सहवासात जातो. घामाघूम होऊन पहिली पायरी चढताना पाठीमागे उभा असतो तो सहायक. या माणसाचं काम काय, त्याची हद्द कुठे संपते आणि तो चांगला आहे हे कशावरून ओळखायचं, हे रुग्णाला आणि घरच्यांना कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आपल्या महाराष्ट्रातल्या घरांसाठी तर ते आणखी गरजेचं आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

हा पेशा जन्माला आला तो मनुष्यबळाच्या टंचाईतून. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचे जखमी जवान मोठ्या संख्येने परतू लागले, तेव्हा त्यांना पुन्हा उभं करण्यासाठी तरुण स्त्रियांना घाईने प्रशिक्षण देण्यात आलं. त्यांना रिकन्स्ट्रक्शन एड म्हणत. मेरी मॅकमिलन ही त्यांच्यातली अग्रणी. १९२१ मध्ये या स्त्रियांनी आपली संघटना काढली आणि मॅकमिलन तिची पहिली अध्यक्ष झाली. आज अमेरिकेतल्या साऱ्या थेरपिस्टांची संघटना म्हणून जी ओळखली जाते ती यातूनच वाढली. म्हणजे आज डॉक्टरेट घेणारा थेरपिस्टही एके काळी ‘मदतनीस’च होता. पुढे पोलिओच्या साथी आल्या. लुळ्या पडलेल्या मुलांच्या एकेका स्नायूची ताकद हाताने तपासायची, तो महिनोन्‌महिने कामाला लावायचा, हे काम या लोकांनी केलं आणि त्यातून त्यांचं शास्त्र पक्कं होत गेलं.

मग १९६५ मध्ये मेडिकेअरचा कायदा झाला. पासष्टीपुढच्या अमेरिकनांना सरकारी विमा मिळाला. पक्षाघात झालेल्या, खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांना आता उपचार परवडू लागले, पण उपचार करणारे हात पुरेनात. थेरपिस्टांच्या संघटनेने १९६७ मध्ये सहायक या नव्या पेशाला मान्यता दिली आणि १९६९ मध्ये मायामी व मिनियापोलिस इथल्या दोन महाविद्यालयांतून पहिले १५ सहायक बाहेर पडले. त्या वेळी अनेक थेरपिस्टांना भीती होती, की स्वस्तातले लोक आले तर आपल्या कामाची किंमत उतरेल. सीमारेषा इतकी काटेकोर होण्यामागे तीही भीती आहे. पण हेतू काहीही असो, रुग्णाचा त्यात फायदाच झाला. कुणी काय करायचं आणि काही बिघडलं तर उत्तर कुणी द्यायचं, हे कागदावर आलं.

आता हा माणूस तासाभरात नेमकं काय करतो ते बघू. शस्त्रक्रिया होऊन दुसरा आठवडा चालू आहे असं धरा.

दारातून आत पाऊल टाकतानाच त्याची नजर कामाला लागलेली असते. आई खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा देते की एकाच? वॉकर पुढे टाकल्यावर कोणता पाय आधी जातो? दुखऱ्या पायाची टाच टेकते की नुसता चवडा? वाटेत पायपुसणं किंवा गालिचा दुमडलेला आहे का? मग तो विचारतो, रात्री झोप लागली का, गोळी कधी घेतली, कुठे दुखतंय. हे प्रश्न ख्यालीखुशालीचे वाटतात, पण प्रत्येकाच्या उत्तरावर पुढचा तास अवलंबून असतो. गोळीचा अंमल असताना व्यायाम नीट होतो, म्हणून पुढच्या भेटीची वेळ गोळीच्या वेळेशी जुळवायला तो सांगतो. गोळी कोणती आणि किती, हा मात्र डॉक्टरांचा प्रांत. तिथे तो बोट घालत नाही.

नंतर अंथरुणावरचे व्यायाम. पंजे वर-खाली हलवायचे, कारण पोटरीचा स्नायू आवळला-सैलावला की रक्त वर ढकललं जातं आणि गाठ होण्याचा धोका कमी होतो. टाच गादीवरून आपल्याकडे ओढत गुडघा वाकवायचा. घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा आणि मांडी आवळून धरायची. या शेवटच्या व्यायामाचा लोकांना कंटाळा येतो. गुडघा किती वाकतो याचीच चर्चा सगळीकडे असते, ‘माझा नव्वद झाला, तुमचा किती?’ अशी. पण चांगला सहायक पूर्ण सरळ होण्याबद्दल जास्त आग्रही असतो. गुडघा दहा अंशांत वाकलेलाच राहिला तर नुसतं उभं राहतानाही मांडीला सतत राबावं लागतं, माणूस लवकर थकतो आणि लंगडतो. वाकणं महत्त्वाचं आहेच. सपाट जमिनीवर चालायला साधारण ६० ते ६५ अंश पुरतात, जिना चढायला ८५ ते ९० लागतात, खुर्चीतून सहज उठायला त्याहून थोडे जास्त. आपल्याकडची उकिडवी बैठक किंवा मांडी मात्र १२० च्या बरीच पुढची मागणी करते. बदललेल्या गुडघ्याने जमिनीवर बसायचं की नाही हे सर्जनला विचारूनच ठरवायचं असतं, आणि सहायकाने त्याचं उत्तर परस्पर देऊ नये.

तो गोनिओमीटर नावाचं दोन दांड्यांचं कोनमापक गुडघ्याला लावतो आणि आकडा लिहून घेतो. मग चालणं. आईच्या कमरेला तो एक रुंद पट्टा बांधतो, मागून तो पट्टा धरतो आणि अर्धं पाऊल मागे, जरा बाजूला राहून चालतो. या पट्ट्याबद्दल मी मुद्दाम लिहितो आहे. आपल्या घरांत म्हाताऱ्या माणसाला दंडाला किंवा काखेत हात घालून उचलतात. त्यात खांदा दुखावतो आणि माणूस कोसळला तर दंड हातातून निसटतो. कंबर शरीराच्या भाराच्या जवळ असते. तिथली पकड तोल सावरायला पुरते, आणि कोसळणाऱ्या माणसाला निदान हळूच खाली बसवता येतं. साधा कापडी पट्टा, पण कित्येकदा पडणं त्याने टळतं.

जिन्याचा नियमही तोच शिकवतो: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. वर चढताना सगळं शरीर उचलायचं काम पहिल्या पायाला पडतं, म्हणून तो सशक्त हवा. उतरताना शरीर सावकाश खाली सोडायचं काम मागे उरलेल्या पायाचं, म्हणून तिथेही सशक्तच हवा. कारण समजलं की आई नियम विसरत नाही. नुसता घोकला तर तिसऱ्या पायरीवर गोंधळ होतो.

आणि आता सगळ्यात कठीण भाग: थांबणं. समजा आज आईची पोटरी एकाच पायाची सुजली आहे, गरम लागते आहे, हात लावला तर कळवळते आहे. सूज शस्त्रक्रियेची असेल, किंवा शिरेत रक्ताची गाठ असेल. सहायकाने निदान करायचं नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही. त्याने व्यायाम थांबवायचा, थेरपिस्टला फोन लावायचा आणि डॉक्टरांपर्यंत निरोप त्याच वेळी पोचेल हे बघायचं. एकदम दम लागला, छातीत कळ आली, तर फोन सरळ ९११ ला. जखमेतून पू, ताप, पायात नव्याने आलेला बधिरपणा, गोंधळलेलं बोलणं, हे सगळं याच वर्गातलं. सहायकाचं शिक्षण व्यायामांची यादी पाठ करण्यासाठी नसतं. आज हा व्यायाम करू नये हे ओळखण्यासाठी असतं. व्यायाम करवून घेणारे खूप भेटतात, वेळेवर थांबणारे कमी. माझ्या मते चांगल्या-वाईटाची पारख इथेच होते.

खुब्याचा सांधा बदललेला असेल तर सावधगिरी निराळी. शस्त्रक्रिया मागच्या बाजूने केली असेल तर सुरुवातीचे काही आठवडे कंबरेतून ९० अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पंजा आतल्या बाजूला वळवायचा नाही. नाहीतर सांधा निखळू शकतो. सोफा खोल असेल तर सहायक उशी घालून बैठक उंच करतो, कमोडवर उंच बैठक बसवायला सांगतो.

पक्षाघात झालेल्या माणसाबरोबरचं काम वेगळ्याच धीराचं असतं. लुळ्या हाताच्या खांद्याला धरून ठेवणारे स्नायू सैल पडलेले असतात, हाताच्या वजनानेच सांधा खाली ओघळतो. अशा हाताला धरून माणसाला ओढून बसवलं की खांदा दुखायला लागतो, आणि तो दुखणारा खांदा पुढे महिनोन्‌महिने सगळ्याच उपचारांत आडवा येतो. म्हणून जाणता सहायक पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगतो, की हा हात ओढू नका, बसवलं की उशीवर ठेवा, अंगरखा घालताना आधी हा हात घाला आणि काढताना शेवटी काढा. वरवर साध्या वाटणाऱ्या या सूचना आहेत, पण दिवसभरात दहादा घडणाऱ्या गोष्टी तासभराच्या व्यायामापेक्षा जास्त परिणाम करतात.

असा माणूस शोधायचा कसा? अमेरिकेत थेट सहायक शोधून नेमता येत नाही, कारण थेरपिस्टशिवाय त्याला काम करता येत नाही. शोधायचा असतो तो दवाखाना किंवा घरी सेवा देणारी संस्था. मात्र तिथे सहायकाबद्दल विचारता येतं आणि विचारलंच पाहिजे. पहिली तपासणी परवानाधारक थेरपिस्ट करणार ना? नंतर कोण येणार, दर वेळी एकच माणूस की बदलता? थेरपिस्ट पुन्हा कधी बघणार? मेडिकेअरच्या नियमानुसार दवाखान्यातल्या उपचारांत दर १० उपचारदिवसांत निदान एकदा थेरपिस्टने प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो, आणि घरी मिळणाऱ्या सेवेत निदान ३० दिवसांतून एकदा थेरपिस्टने स्वतः येऊन पुन्हा तपासावं लागतं. महिना उलटला आणि थेरपिस्टचं दर्शन नाही, तर फोन करून विचारायला अजिबात संकोचू नये.

छातीवरच्या ओळखपत्राकडे बघावं. नावापुढे पीटी म्हणजे थेरपिस्ट, पीटीए म्हणजे सहायक. काही दवाखान्यांत तिसरीही व्यक्ती असते, ती म्हणजे एड. यंत्रं पुसणं, बर्फाच्या पिशव्या आणणं, रुग्णाची खुर्ची ढकलणं ही तिची कामं, आणि तिला परवाना नसतो. एकट्या एडच्या भरवशावर रोजचा व्यायाम होत असेल तर ते बरोबर नाही, आणि मेडिकेअर त्याचे पैसेही देत नाही. परवाना खरा आहे का, त्यावर कधी कारवाई झाली आहे का, हे राज्याच्या परवाना मंडळाकडे नावावरून फुकट तपासता येतं. न्यू जर्सीतही ही सोय आहे.

पैशांचाही उल्लेख करायला हवा. १ जानेवारी २०२२ पासून सहायकाने दिलेल्या दवाखान्यातल्या उपचारांसाठी मेडिकेअर एरवीच्या रकमेच्या ८५ टक्केच रक्कम देते. हा निर्णय मला पटत नाही. दर कमी झाला की अडचण होते ती खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांची, कारण तिथे काम सहायकांवरच जास्त चालतं. मुलांकडे काही महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना मेडिकेअर नसतंच. त्यांचा प्रवासी विमा आधीपासूनचं दुखणं बहुधा उचलत नाही, म्हणून पहिल्या भेटीआधीच भेटीमागे किती पैसे पडतील हे लेखी विचारून घ्यावं.

आईवडिलांना इंग्रजी जमत नसेल तर आणखी एक हक्क माहीत असावा. संघराज्य सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी दुभाषाची सोय मोफत करायची असते, बहुधा ती फोनवरून होते. मुलगा-सून दुभाषाचं काम करतात, पण आई त्यांच्यासमोर ‘काही नाही, बरं आहे’ म्हणते. परक्या दुभाषाला ती लघवीची अडचणही सांगते आणि रात्री रडू येतं तेही.

आता घराकडे वळू. महाराष्ट्रात फिजिओथेरपीचं शिक्षण तसं जुनं आहे, आणि त्याच्या मुळाशीही पोलिओच आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या साथीनंतर, मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने हे शिक्षण सुरू झालं. त्याच रुग्णालयात १९५० मध्ये कमलाबाई निंबकरांनी व्यवसायोपचाराची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची, देशातली पहिली शाळा काढली. जन्माने अमेरिकन असलेल्या, लग्नानंतर निंबकर झालेल्या या बाईंची आठवण फलटणमधल्या कमला निंबकर बालभवनाच्या नावात आजही आहे. १९५५ मध्ये हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. पदवी अभ्यासक्रम अनेक वर्षं साडेचार वर्षांचा राहिला, त्यात सहा महिन्यांचं प्रत्यक्ष काम. राज्यात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषद आहे, २००२ च्या कायद्याने आलेली, आणि फिजिओची नोंदणी तिच्याकडे होते. २०२१ मध्ये केंद्रानेही आरोग्यसेवेतल्या अशा पेशांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात स्वतंत्र व्यावसायिकाला निदान ३,६०० तासांचं आणि तंत्रज्ञ किंवा सहयोगी पातळीवरच्याला निदान २,००० तासांचं शिक्षण अशी दोन पातळ्यांची कल्पना आहे.

पण आपल्या रोजच्या अनुभवात अमेरिकेसारखा परीक्षा दिलेला, परवाना असलेला सहायक भेटत नाही. भेटतात ती वेगळी माणसं. रुग्णालयात अनेक वर्षं काम करून हात बसलेला वॉर्डबॉय, आठवड्याचा कसला तरी कोर्स करून ‘फिजिओ’ म्हणवणारा तरुण, मालिशवाला, हाडवैद्य, ब्युरोतून आलेली मावशी. यांतल्या काहींचे हात खरोखर चांगले असतात, माया तर असतेच. पण त्यांच्या मागे आखणी करणारं कुणी नसतं, आणि ‘इथे थांब’ असं त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. मालिशवाल्याने सुजलेली पोटरी रगडली, तर तो निष्काळजी होता म्हणून नाही. आत गाठ असू शकते हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. म्हणून घरी येणाऱ्याला विचारावं: नोंदणी क्रमांक काय? पदवी कुठली? रोज तुम्हीच येणार की दुसरं कुणी? दुसरं कुणी येणार असेल तर तुम्ही पुन्हा कधी बघणार? नोंदणी झालेला फिजिओ या प्रश्नांनी रागावत नाही.

यापुढचं मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही. तालुक्याच्या गावी फिजिओ आठवड्यातून एकदा येतो, फार तर दोनदा. उरलेले पाच-सहा दिवस व्यायाम करवून घेते ती सून, मुलगी, बायको, किंवा ब्युरोतली मावशी. म्हणजे आपल्या घरातला सहायक तीच. अमेरिकेत ज्या कामासाठी दोन वर्षं शिकवतात, परीक्षा घेतात, परवाना देतात, ते काम आपल्याकडे भाकरी थापून झाल्यावर, मुलांचे डबे भरून झाल्यावर ती करते. तिला कुणी शिकवत नाही, आणि काही बिघडलं तर बोल मात्र तिलाच. हे बदलायला कायद्याची वाट बघायची गरज नाही. सहायकाची हद्द जशी तिथे ठरवून देतात तशी तिला ठरवून द्यायची, एवढं घरात आणि फिजिओच्या साथीने करता येतं.

त्यासाठी फिजिओकडून तीन गोष्टी मागून घ्याव्यात. कोणता व्यायाम, किती वेळा, किती वेळ धरून ठेवायचा, हे मराठीत लिहून. जमलं तर मोबाइलवर चित्रण करून, तेही आपल्याच माणसाचं. इंटरनेटवरचा तगडा तरुण आजोबांच्या उपयोगाचा नाही. दुसरी गोष्ट, काय करायचं नाही: कुठला हात ओढायचा नाही, किती वाकवायचं नाही, मालिश कुठे नको. तिसरी गोष्ट, कशावर थांबायचं आणि कुणाला फोन करायचा. एका पोटरीची सूज किंवा गरमी असेल तर फिजिओला आणि डॉक्टरांना त्याच दिवशी. एकदम दम लागणं, छातीत कळ, तोंड वाकडं होणं, जीभ अडखळणं असेल तर १०८.

दुखण्याबद्दल घरात नेहमी वाद होतो. व्यायामानंतरचा ताण किंवा मंद ठणका रात्रीपर्यंत उतरत असेल तर काळजीचं नसतं. दुसऱ्या दिवशी जास्त दुखतंय, सूज वाढली, तर कालचा व्यायाम जास्त झाला; आज कमी करायचा आणि फिजिओला सांगायचं. मुंग्या, बधिरपणा, विजेसारखी सणक ही नसेची बाब असू शकते, ती अंगावर काढायची नाही. ‘दुखलं तरच फरक पडतो’ हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं आणि त्याने पुष्कळ गुडघ्यांचं नुकसान झालं आहे. उलट दुखतं म्हणून पंधरा दिवस हलवायचंच नाही, हेही तितकंच घातक. सांधा आखडला की सोडवायला फार त्रास पडतो.

घरातल्या त्या सहायक व्यक्तीच्या पाठीचाही विचार कुणी करत नाही. आजोबांना पलंगावरून उठवताना वाकून ओढू नये. आधी त्यांना कुशीवर वळवावं, पाय पलंगाखाली सोडावेत, मग कोपराच्या आधाराने बसतं करावं. उभं करताना स्वतःचे गुडघे वाकवून, त्यांच्या जवळ उभं राहून कमरेचा पट्टा धरावा. घरात साडी किंवा जुनी ओढणी पट्टा म्हणून वापरतात. ती घसरते, पीळ पडून रुतते. वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळणारा रुंद पट्टा एकदाच घ्यावा. वजन जास्त असेल तर एकट्याने उचलायचंच नाही, शेजारच्याला हाक मारायची.

आणि एक वही. व्यायाम झाला की तारीख, किती वेळा केला, कुठे थांबावं लागलं, दुखणं शून्य ते दहात किती, किती पावलं चालले, एवढंच. फिजिओची आठवड्याची एकच भेट परवडत असेल, तर त्या भेटीत पुन्हा तेच व्यायाम त्यांच्याकडून करवून घेण्यात वेळ घालवू नये. वही त्यांना दाखवावी, गुडघा किंवा खांदा मोजून घ्यावा, पुढच्या आठवड्याची आखणी विचारावी, आणि उरलेल्या वेळात सुनेने किंवा मावशीने त्यांच्या डोळ्यांदेखत सगळे व्यायाम करवून दाखवावेत, म्हणजे हात कुठे चुकतो ते त्यांना तिथल्या तिथे सांगता येतं.